श्रावणातलं काळं औषध

लग्न होऊन वेल्ह्याच्या बाजूच्या डोंगरातल्या गावात आले तेव्हा मी चांगली लालगुलाबी होते. लग्नातला एकुलता एक फोटो काळा-पांढरा असल्यामुळे पुरावा देता येत नाही, पण माझं म्हणणं खोडून काढायला आता कुणी उरलेलंही नाही, तेव्हा ते खरं धरून चालावं. पाच-सहा वर्षांत तो रंग कुठं गेला ते मात्र मला कळलं नाही. आधी ओठ फिके पडले, मग तळहात. नखं तर मधे अशी खोलगट झाली की त्यांत पाण्याचा थेंब ठरायचा. मी लेकीला गंमत म्हणून तो थेंब दाखवायची. ती नुकती चालायला लागली होती, तिला कशाचंही हसू यायचं.

माझं माहेर उत्रोलीचं, म्हणजे भोरला अगदी खेटून. शाळा भोरला झाली, त्यामुळे पायात चपला आणि हातात पुस्तक ही माझी सवय. सासरी दोन्हींची अडचण व्हायला लागली. तिथं सगळी भाताची खाचरं, आणि चिखलात चपला घालून लावणी करणारी बाई अजून जन्माला यायचीय. पुस्तकाचं काय झालं ते सांगत बसत नाही.

सासूबाईंना आमच्याकडं आत्याबाई म्हणतात. आमच्या आत्याबाई उंच, काटक आणि बोलायला अशा की समोरच्यानं आपण होऊन कामाला लागावं. त्यांचा माझ्यावर जीव आहे असं म्हणायला तोवर माझ्याकडं काहीही आधार नव्हता. विहिरीवरून हंडा आणताना मला वाटेत बसावं लागायचं, छाती धडधडायची, कानांत चक्कीची घरघर चालल्यागत वाटायचं. आत्याबाई वरून बघत असायच्या. "भोरकडच्या पोरी आशाच. वारा भरल्यावानी," म्हणायच्या आणि खाली येऊन हंडा स्वतःच उचलून न्यायच्या. उचलत होत्या हे मला दिसायचं, पण बोलणं जास्त लागायचं. वयच तसं होतं.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट आहे ही. वेल्ह्याच्या दवाखान्यात गेले तर तिथं त्यांनी रीतीप्रमाणे आधी जंताचं औषध दिलं. त्या काळी पोटात दुखो की डोक्यात, आमच्याकडच्या माणसाला पहिल्यांदा जंताचंच औषध मिळायचं. वर रक्तवाढीच्या गोळ्या दिल्या. लगेच लावणी सुरू झाली, आणि भर खाचरात रोपांची जुडी हातात धरून मी खाली बसले ती उठेचना. हे, म्हणजे आमचे यजमान, पलीकडच्या बांधावर होते. त्यांनी मला पाठुंगळी घरी आणलं. गावासमोर बायकोला पाठीवर घेतल्याबद्दल त्यांना पुढं वर्षभर चिडवलं गेलं आणि मला ते ऐकायला फार आवडायचं.

लावणी उरकल्यावर हे मला भोरला घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी बोटाला सुई टोचली, काचेच्या नळीत रक्त घेतलं आणि त्यात पाणी टाकत टाकत शेजारच्या नळीच्या रंगाशी रंग जुळवत बसले. मग यांना म्हणाले, "रुपयाला चार आणे रक्त उरलंय. ही बाई चालत आली?" हे म्हणाले, व्हय. डॉक्टरांनी मला नव्यानं पाहिल्यासारखं पाहिलं, आणि मला उगीचच शाबासकी मिळाल्यासारखं वाटलं.

मग त्यांनी पाळीचं विचारलं, तेही यांना. हे भिंतीवरच्या देवाच्या चित्राकडं असे बघायला लागले की जणू उत्तर तिथंच लिहिलंय. शेवटी मीच सांगितलं, की गेले कित्येक महिने ती धड येतच नाही, आणि यायची तेव्हाही बेताचीच. म्हणजे रक्त तिथून जात नव्हतं. बाळंतपण होऊन वर्ष उलटलं होतं. ताप नाही, खोकला नाही. डॉक्टरांनी पेन्सिल खाली ठेवली. "मग रक्त जातंय कुठं? कारण कळेपर्यंत गोळ्या बंद करू. त्यांनी शौचाचा रंग काळा होतो, तपासायला घोटाळा होतो. पुढच्या आठवड्यात काडेपेटीतून शौच घेऊन या. आणि तोवर मटण, मासळी, अंडी अजिबात नाही. नाहीतर तपासणी चुकेल."

"श्रावण लागतोय, डॉक्टर," मी म्हणाले, "आमच्या घरात कुणी बोटसुद्धा लावायचं नाही."

"मग प्रश्नच नाही," डॉक्टर म्हणाले. तेही आपल्यातलेच, त्यांच्या घरीही श्रावण असणार. तो विषय तिथं संपला, आणि पुढं ज्यानं ज्यानं मला हा प्रश्न विचारला त्याच्याशीही तो असाच संपत गेला.

काडेपेटीचा प्रवास सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही. वेल्ह्याहून पहाटेची एसटी धरली. काडेपेटी यांच्या सदऱ्याच्या खिशात, आणि सदरा पातळ, त्यामुळे पेटी बाहेरून स्पष्ट दिसत होती. शेजारच्या पाव्हण्यांनी विडी काढली आणि म्हणाले, "काडी द्या जरा." हे म्हणाले, "न्हाई." पाव्हण्यांनी खिशाकडं बघितलं, यांच्याकडं बघितलं. "पेटी तर दिसतीया की." हे खिडकीबाहेर बघत म्हणाले, "रिकामी हाय." तसे ते पाव्हणे भडकले, एका काडीसाठी माणूस खोटं बोलतो म्हणजे काय काळ आलाय, असं सगळ्या गाडीला ऐकवत राहिले. माझ्यात हसायलासुद्धा ताकद नव्हती, पण मी हसले, आणि हसून दमले.

तपासणीत जंत काही दिसले नाहीत. पण शौचात रक्त आहे, डोळ्यांना न दिसणारं आणि भरपूर, असं निघालं. डॉक्टरांनी यांना बाजूला नेऊन सांगितलं, की पोटात कुठंतरी गाठ किंवा जखम असावी, पुण्याला न्या. बाजूला म्हणजे दाराच्या पलीकडं. दार लाकडी होतं आणि मी बहिरी नव्हते.

आता आत्याबाईंच्या औषधाचं सांगते. भोरच्या डॉक्टरांनी गोळ्या बंद केल्या हे कळलं त्याच दिवशी त्यांनी आपल्या मनाशी निकाल लावला होता. "गोळ्या बंद केल्या म्हंजी डाक्टरानं हात टेकलं," त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी उठून त्या कुठंतरी गेल्या, दुपारी आल्या, गोठ्यामागं काहीतरी धूर करत बसल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी मागच्या दाराशी मला उभं करून त्यांनी माझ्या तळहातावर चमचाभर काळी भुकटी ठेवली आणि वर मिऱ्यांचं कढत पाणी पाजलं.

"काय आहे?" मी विचारलं.

"इचारायचं न्हाई. आवशदाचं नाव घेतलं का गुण जातो."

हे मलाही ठाऊक होतं. उत्रोलीला माझी आई काविळीचं औषध द्यायची तीसुद्धा कधी नाव सांगायची नाही. गावठी औषध द्यायचं ते न बोलता आणि घ्यायचं ते न विचारता, ही आमच्याकडची रीत आहे, आणि ते डॉक्टरच्या कानावर घालायचं नाही ही तिची पोट-रीत. भुकटीला जळक्या खोबऱ्याचा आणि लवंगांचा वास होता आणि मागं जिभेवर लोखंडी तवा चाटल्यासारखी चव राहायची. डोंगरातलं कसलं तरी मूळ जाळून केलं असेल असं मी धरून चालले. पुण्याला निघाले तेव्हा आत्याबाईंनी एक पत्र्याची डबी भरून माझ्या पिशवीत घातली आणि म्हणाल्या, "एक दिस चुकवायचा न्हाई. माझ्या गळ्याची आण हाय." लेकीला त्यांनी कडेवर घेतलं होतं. ती माझ्याकडं झेपावली नाही, हे बघून मला बरंही वाटलं आणि वाईटही.

पुण्याचा मोठा सरकारी दवाखाना मला आवडला, हे लिहायला आता लाज वाटत नाही. उंच छताचा बायकांचा वॉर्ड, लोखंडी खाटा, पांढऱ्या चादरी. चूल नाही, हंडा नाही. लग्नानंतर पहिल्यांदा मला कुणीतरी आयता चहा आणून देत होतं. खिडकीशी खाट मिळाली होती. झोपून झोपून मी बाहेरच्या चिंचेवरच्या खारी बघायची आणि मधेच आठवायचं, की आपल्या पोटात गाठ आहे म्हणे. मग पोटावर हात ठेवून चाचपायची. हाताला काही लागायचं नाही. परत खारी.

शेजारच्या खाटेवर भोरच्याच एक मावशी होत्या. भाजी विकायच्या, पित्ताशयाच्या खड्यांसाठी आल्या होत्या. दुधाबरोबर उकडलेलं अंडं आलं की मी तोंड फिरवायची. पहिल्या दिवशी त्यांनी ते बघितलं आणि हात पुढं केला. "दे हिकडं. आमी आता बुद्धाचं. आमाला तुझा श्रावण न्हाई." रोज सकाळी माझं अंडं त्या मिटक्या मारत खायच्या आणि मला जगातल्या गोष्टी सांगायच्या. खड्यांना अंडं चालत नाही असं नर्स ओरडायची. मावशी म्हणायच्या, "खडं माझं हायेत, मला इचारून खात्यात व्हय ते?"

तपासण्या एकामागून एक झाल्या. छातीच्या मधल्या हाडात सुई घालून आतला रस काढला. रक्त हाडात तयार होतं हे मला तोवर माहीत नव्हतं, मला वाटायचं ते काळजात होतं. सुई आत गेली तेव्हा दुखलं नाही, पण डॉक्टरांनी रस ओढला तेव्हा कुणीतरी आतून नावानं हाक मारल्यासारखं झालं आणि मी "ओ" दिली. तरुण डॉक्टर हसले. हाडात सगळं ठीक निघालं, फक्त लोह जवळजवळ नव्हतंच. मग कालवलेल्या चुन्यासारखं पांढरं घट्ट पाणी प्यायला लावून अंधाऱ्या खोलीत पोटाचे फोटो काढले. फोटोतही काही दिसेना. शौच मात्र पुन्हा तपासलं तर पुन्हा तेच, रक्त, आणि तेही जोरदार.

"मांसाहार?" मोठ्या डॉक्टरांनी विचारलं. वयस्कर होते, जाड चष्म्याचे, आवाज शांत.

"श्रावण आहे," मी म्हणाले. अंडंसुद्धा ही मलाच देते, असं मावशींनी पलीकडून सांगितलं. डॉक्टरांनी मान हलवली.

आणि मग ते माझ्या खाटेशी स्टूल ओढून बसले. दाराआड जाऊन यांच्याशी नाही, माझ्याशीच बोलले, म्हणून त्यांच्याबद्दल मला आजही आदर आहे. "रक्त जातंय हे नक्की. कुठून ते बाहेरून दिसत नाही. आता पोट उघडून बघावं लागेल. तुझ्या अंगात इतकं कमी रक्त आहे की त्यात धोका आहे, खोटं सांगत नाही. पण गाठ असली आणि तशीच ठेवली तर धोका जास्त."

मी विचारलं, "उघडून काही सापडलं नाही तर?"

"तर शिवून टाकू."

फाटक्या पोत्याबद्दल बोलावं तसं ते सहज म्हणाले. लेक डोळ्यांसमोर आली. तिला अजून नीट 'आई' म्हणता येत नव्हतं, आणि मी गेले तर ते म्हणायची तिला पुढं कधी गरजच पडणार नव्हती. मला मरायचं नव्हतं. मला परत जाऊन तो हंडा उचलायचा होता, वाटेत बसावं लागलं तरी चालेल. असल्या हंड्याची मला ओढ लागेल असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

यांनी ऑपरेशनसाठी बाटलीभर रक्त दिलं. देऊन बाहेर आले तेव्हा माझ्यापेक्षा हेच पांढरे दिसत होते. मावशींनी त्यांना आपल्या वाटणीचा चहा पाजला. मग हे गावी गेले आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी आत्याबाईंना घेऊन आले. लेकीला आत सोडत नसत म्हणून ती जावेकडं ठेवली होती.

आत्याबाई वॉर्डात शिरल्या त्या नाकाला पदर लावून. खाटेशी आल्या, मला खालून वर बघितलं. "वाळलीस," म्हणाल्या, आणि पिशवीतून नवी डबी काढली. जुनी संपत आली होती. "उद्या फाडायचं म्हंत्यात न्हवं? मंग आज दोन डाव घे. हात कर."

मी हात पुढं केला. भुकटी तळहातावर पडली आणि त्याच वेळी मोठे डॉक्टर आपली पलटण घेऊन दारातून आत आले. आत्याबाईंनी डबी पदराखाली घेतली, पण माझा हात तसाच पुढं राहिला, काळ्या ढिगासकट. एवढ्या माणसांसमोर तो मागं कसा घ्यावा हे मला सुचेना.

"हे काय?" डॉक्टरांनी विचारलं.

"आवशद," आत्याबाई म्हणाल्या.

"कसलं?"

"नाव घ्यायचं नसतंय."

तरुण डॉक्टरांपैकी कुणीतरी हसलं. मोठे डॉक्टर हसले नाहीत. ते पुन्हा स्टुलावर बसले. "आजी, उद्या मी हिचं पोट उघडणार आहे. त्या पोटात काय जातंय ते मला माहीत नको?"

आत्याबाई माझ्याकडं बघत होत्या, आणि त्यांच्या मनात काय चाललंय ते मला अगदी स्वच्छ कळत होतं. नाव घेतलं तर गुण जाणार. उद्या पोट फाडणार, आणि आज गुण घालवायचा. त्यांचा हात पदराखाली डबीवर घट्ट झाला होता.

"गुण गेला म्हंजी?" त्यांनी शेवटी विचारलं. आवाज बारीक झाला होता.

"गेला तर माझ्याकडं दुसरं औषध आहे," डॉक्टर म्हणाले. "शब्द देतो."

आत्याबाईंनी डोळे मिटले आणि एका दमात सांगून टाकलं. "काळीज हाय. बोकडाचं काळीज आन् रगत. शिजवायचं, तव्यावर पार कोरडं करायचं, मिरं-लवंगा घालून कुटायचं. माझ्या आयनं बाळंतिणींला दिल्यालं म्या बगितलंय. रगत ऱ्हाईलं न्हाई म्हनलं डाक्टर, मंग रगतच घालाया पायजे का न्हाई?"

"आत्याबाई!" मी खाटेवर उठून बसले. "श्रावणात?"

खरं सांगते, उद्याच्या ऑपरेशनपेक्षा मला याचा धक्का मोठा बसला. ज्या घरात श्रावणात कांदा-लसूण चिरला जात नाही, ज्या बाई महिनाभर एकवेळ जेवतात, त्यांनी गोठ्यामागं काळीज भाजलं होतं!

"आवशदाला कसला श्रावण?" आत्याबाई माझ्यावर खेकसल्या. "उपासाला आवशद चालतंय का न्हाई? तसंच हे. खानं न्हाई हे."

शेजारच्या खाटेवर मावशी तोंडात पदर कोंबून हसत होत्या. "आन् रोजचं अंडं मला देत व्हती गं बया!"

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग त्यांनी आम्हाला समजावून सांगितलं, आणि त्यांच्या मागच्या पोरांनाही. शौचातलं रक्त बघायची ती तपासणी रक्त आहे एवढंच सांगते. ते बाईचं की बोकडाचं हे तिला कळत नाही. म्हणून तर मांस बंद करायला सांगतात. भोरला आणि पुण्याला इतके दिवस जे सापडत होतं ते माझं रक्त होतं की आत्याबाईंच्या तव्यावरचं, ते आता कुणालाच ठाऊक नव्हतं. "उद्याचं ऑपरेशन थांबवा," ते म्हणाले, "ही डबी माझ्याकडं द्या, आणि काही दिवसांनी पुन्हा तपासू."

ते मधले दिवस मात्र लांबले. डबी गेल्यापासून आत्याबाई माझ्या खाटेखाली चटई टाकून बसून असायच्या. कुणाशी वाद नाही, नर्सला टोमणा नाही. मावशींनी दिलेला चहासुद्धा निमूट प्यायच्या, आणि गावी असं कुणाच्याही हातचं त्यांनी घेतलं नसतं. नाव घेतल्यामुळे गुण गेला, आता माझं काय होतंय, याच घोरात त्या होत्या. मला उलटीच भीती. गाठ खरंच असली तर? रक्त माझंच निघालं तर? खारी बघायचंही सुचेना.

तपासणी आली ती कोरी. रक्ताचा मागमूस नाही. डॉक्टरांनी खात्रीसाठी आणखी एकदा केली, तीही कोरी. जीव भांड्यात पडला, असं आपण म्हणतो. माझा पडला तेव्हा वॉर्डभर आवाज झाला, कारण मावशींनी खाटेवरूनच टाळ्या पिटल्या.

कारणही मग डॉक्टरांनी जुळवून दिलं. चिखलातून अनवाणी पायांवाटे एक बारीक जंत अंगात शिरतो आणि आतड्याला चिकटून वर्षानुवर्षं रक्त पीत बसतो. वेल्ह्याच्या दवाखान्यात रीतीप्रमाणे दिलेल्या औषधानं तो कधीच पडून गेला असावा. चोर पळाला होता, पण घर मोकळं झालेलं, ते भरायला लोह हवं होतं. आणि नेमक्या गोळ्या आम्ही कारण शोधायचं म्हणून बंद ठेवल्या होत्या. आता फक्त लोहाची सुया-औषधं, आणि तीन-चार महिन्यांत बाई ठणठणीत.

आत्याबाई हे सगळं उभ्यानं ऐकत होत्या. डॉक्टर उठले तेव्हा त्यांनी वाट अडवली. "डाक्टर, माज्या आवशदानं हिला बादलं का? खरं सांगा."

"बाधलं?" डॉक्टर म्हणाले. "आजी, आम्ही गोळ्या बंद करून बसलो होतो. इतके दिवस हिच्या पोटात जे काय लोह गेलं ते तुमच्याच डबीतलं. तुम्ही हिला धरून ठेवलंत. फक्त आम्हाला सांगितलं असतंत, तर हिला भीती दाखवायची वेळ आमच्यावर आली नसती."

आत्याबाईंनी पदर सावरला आणि क्षणात होत्या तशा झाल्या. "मंग माजी डबी परत द्या," म्हणाल्या. डॉक्टरांनी दिली.

सुया फार दुखल्या. कमरेवरचे काळे डाग वर्षभर गेले नाहीत. पण नखं हळूहळू सपाट झाली, लेकीला थेंब दाखवायची सोय राहिली नाही, आणि दिवाळीच्या सुमाराला मी विहिरीवरून न बसता घरी आले. त्यानंतर दर वर्षी लावणी संपली की आत्याबाई घरातल्या सगळ्यांना रांगेनं जंताचं औषध घ्यायला लावायच्या, आल्यागेल्या पाव्हण्यांनासुद्धा.

पण मला आठवतो तो पुण्याहून परत येतानाचा प्रवास. श्रावण अजून संपला नव्हता. हे पुढं बसले होते, मागच्या बाकावर आम्ही दोघी. आत्याबाईंच्या मांडीवर ती डबी होती. मला राहवेना. मी विचारलं, "आत्याबाई, काळीज आणलं कुणी?"

"म्याच. वेल्ह्याच्या मुलाण्याकडनं. वरच्या वाटंनं गेले, कुनी बगू ने म्हून. त्यो बी बगतच ऱ्हायला माझ्याकडं."

"आणि मीठ-मिरं बरोबर पडलंय हे कसं कळायचं तुम्हाला?"

त्या माझ्याकडं वेड्याकडं बघावं तशा बघायला लागल्या. "चाखून. केलं का आदी म्या खायाची चमचाभर, मंग रातभर थांबायची, काय व्हतंय का बगाया. चाखल्याबिगर लेकराच्या तोंडात घालतंय व्हय कुनी?"

मामंजी गेल्यापासून त्यांनी एकही श्रावण मोडला नव्हता. हे आमच्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं, बायका त्यांचं नाव घेऊन सांगायच्या. मी म्हणाले, "अहो, पण तुमचा श्रावण?"

"श्रावण काय, पुढल्या साली परत येतुयाच की," त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "तू आली आसतीस व्हय?"

मी दुसरीकडं तोंड केलं आणि नसरापूर येईपर्यंत मनसोक्त रडले. आत्याबाईंनी एकदाही का रडतेस म्हणून विचारलं नाही, आणि खरं सांगते, इतकं बरं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.